थंडीचं पेव

पंचफुलाबाईच्या कमरेला कायम एक बटवा खोचलेला असायचा. सुपारी, अडकित्ता, काताचा खडा, चार लवंगा, हे काय कुणाही बाईच्या बटव्यात सापडेल. हिच्या बटव्यात आणखी एक वस्तू असायची: पांढऱ्या चिनीमातीचा, पाण्याच्या मोटारीचा फ्यूज. तो तिथं कसा आला हे सांगायचं तर तिच्या नवऱ्याच्या तोंडापासून सुरुवात करावी लागते, कारण त्या घरातली प्रत्येक भानगड तिथूनच निघायची.

नवरा म्हणजे चंपतराव. माणूस लाखात एक. कामाला वाघ, मनानं मोकळा, दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही. फक्त जिभेला लगाम नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. नरखेडजवळच्या त्यांच्या गावात संत्र्याची बाग होती, थोडी कपाशी होती आणि एक म्हातारी विहीर होती, जिचं पाणी होळीनंतर बागेला पुरायचं नाही. सत्तरनंतर आमच्या भागात बोअरच्या गाड्या घरघरत फिरायला लागल्या, तेव्हा चंपतरावांनीही एक बोलावली. गाडीच्या आधी अर्थातच पाणाड्या आला. पाणाड्याला न विचारता जमिनीला भोक पाडणं म्हणजे मुहूर्ताशिवाय लग्न लावणं. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला, डोळे मिटले आणि बागेत फिरायला लागला. धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या मोकळ्या जागेवर नारळ टुणकन उभा झाला.

तिथं बोअर मारली. खाली दोनशे फूट काळा पत्थर, आणि वर आली ती नुसती धूळ. पाणाड्या म्हणाला, "झरा हातभर हुकला गा. जरासं इकडं घे." इकडं घेतली. धूळ. "आता तिकडं घे." तिकडंही धूळ.

तिसऱ्या वेळी पंचफुलाबाई म्हणाली, "झरा हाय का कोंबडीचं पिल्लू? आपण हात घातला का सरकूनच राह्यते!" पण बाईचं ऐकतील ते चंपतराव कसले. मधे एक आणि तिच्या भोवती सहा, अशा सात बोअरी झाल्या, आणि सातही ठणठणीत कोरड्या. पाणाड्या नारळ घेऊन जो गेला तो परत त्या वाटेनं आला नाही. गावानं चंपतरावांचं नाव ठेवलं सातबोअरवाले. चंपतराव स्वतःसुद्धा त्यावर हसायचे. पंचफुलाबाईला मात्र हसू यायचं नाही. बोअरींची तोंडं फरश्यांनी झाकून ती तिथून मान वळवूनच जायची.

शामला ही त्यांची एकुलती एक लेक. तिचं लग्न जमलं नागपूरला. मुलगा शाळेत मास्तर, शांत, बोलण्यापेक्षा ऐकणारा. त्याचे वडील भैय्याजी मात्र अगदी उलटे. प्रताप नगरात घर, इतवारीत किराण्याचं दुकान, पोट मोठं आणि आवाज त्याहून मोठा. कुणाची तरी थट्टा केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. साक्षगंध त्यांच्याच घरी होतं, कोजागिरी नुकतीच झालेली. शालू-नारळ झाला, पोरीला पेढा भरवला, चिवड्याच्या बशा फिरल्या आणि भैय्याजींना कंठ फुटला.

"काय इवाई," ते चंपतरावांना म्हणाले, सगळ्या बैठकीला ऐकू जाईल असं, "तुमच्या घरी म्हणे सात बोअर हायेत. मंग लग्नात वऱ्हाडाले पाणी तरी भेटन ना जी? का आमी नागपुरातून पिपे भरून आणू?"

बैठक खदाखदा हसली. बायांच्या घोळक्यात बसलेल्या शामलाची मान आणखी खाली गेली. पंचफुलाबाईनं लेकीचे कान लाल झालेले पाहिले. चंपतरावांनीही ते पाहिलं असावं. नाहीतर शहाणा माणूस पुढचं बोलला नसता.

"पाण्याचं काय घेऊन बसले जी!" ते उसळून म्हणाले. "लग्न नवतप्यात हाय ना? तुमच्या वऱ्हाडाले मी संत्री खाऊ घालीन. माह्या बागेतली. माणशी दोन!"

नवतपा म्हणजे रोहिणीतले ते नऊ दिवस, जेव्हा नागपूरकडं कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावलीत बसतो. मृग बहाराचं शेवटचं संत्रं चैत्रात उतरतं. त्यानंतर पार दिवाळीच्या तोंडापर्यंत झाडावर खायचं फळ नसतं, आणि तोडून ठेवलेलं त्या उन्हात आठ दिवसही टिकत नाही. हे तिथं बसलेल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. चंपतरावांनाही ठाऊक होतं, पण ते बोलून झाल्यावर आठवलं.

भैय्याजींनी कपबशी खाली ठेवली. "शब्द?"

"शब्द!"

"पाहा बरं. संत्री नाही आली, तं ताटातल्या तांदळात मी सुनेचं नाव ‘कोरडाबाई’ काढीन!"

पुन्हा हशा. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून सासरा-नवरा अंगठीनं सुनेचं नवं नाव काढतात, ते घरात जन्मभर चालतं. भैय्याजी हे थट्टेनंच म्हणाले, त्यांच्या मनात विष नव्हतं. पण थट्टेतली नावंच चिकटतात, आणि कोरडी हे नाव बाईला कसलं लागतं ते पुरुषांना काय कळणार! पंचफुलाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. विहीणबाईंनी पुढं केलेला पेढा तिनं हसून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधून टाकला.

परतताना एसटीत, काटोलला, ती नवऱ्याला म्हणाली, "संत्री कुठून आणान?"

"पाहू ना काहीतरी."

"काय पाहू? झाडाले सांगू का, बापा, जरा थांबून फळ?"

चंपतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. बाईला राग आला आणि दयाही आली. पोरीच्या लाजेपायी बोलून गेले बिचारे, दुसऱ्या कशापायी नाही.

पंचफुलाबाईचं माहेर पार वऱ्हाडात, अकोल्याच्या बाजूला. तिच्या वडिलांच्या घरी ज्वारीचं पेव होतं. जमिनीत खोल खोदलेलं, वर अरुंद तोंड, आत माणूस उभा मावेल एवढी पोकळी. हिवाळ्यात ज्वारी भरायची, तोंड लिंपून टाकायचं आणि गरज पडेल तेव्हा फोडायचं. फोडल्यावर आधी कंदील सोडायचा, ज्योत स्थिर राहिली की मगच माणूस उतरवायचा. लहानपणी टोपली भरायला तिलाच उतरवायचे. कडेची ज्वारी खराब झालेली असायची, मधली मात्र जशीच्या तशी. आणि एक गोष्ट तिच्या हाताला अजून आठवत होती: बाहेर वैशाख पेटलेला असला तरी मधल्या ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला की गार लागायचं. हिवाळ्यात ज्वारीबरोबर हिवाळाही पेवात भरला जायचा आणि कुणाचं तिकडं लक्षच नसायचं.

दिवाळीत तिचा धाकटा भाऊ केशव भाऊबीजेला आला. हिंगण्याला एका कारखान्यात तो फिटर होता. त्याला ओवाळून झालं, त्यानं ताटात लुगडं ठेवलं. तिनं ते उचललंच नाही.

"मले लुगडं नोको. ओवाळणीत मले थंडी दे."

"काय?" केशवला वाटलं, ताईचं काहीतरी बिनसलं.

"तूच सांगत होता ना, तुह्या कारखान्यात बर्फाशिवाय पाणी गार करतेत म्हणून?"

"हो. उंचावरून जाळ्यांवर पाडतेत, वारा लागला का गार होते. हिवाळ्यात तं बोट नाही बुडवता येत त्याच्यात."

"मंग ते पाणी आपण जमिनीत ठेवलं तं?"

"मुरून जाईन ना वं, ताई."

"पाणी नाही गा ठेवाचं! पाण्यातली थंडी ठेवाची. पाणी पाइपातून खाली न्यायचं, थंडी तिथी सोडाची, आन पाणी वर आणाचं परत. रोज रात्री. सारा हिवाळा. पेव भरतो तसं."

केशवनं करंजी तोंडाशी नेली होती ती तशीच राहिली. मग तो उठला आणि धुऱ्याकडं चालायला लागला. मागून पंचफुलाबाई, तिच्या मागून चंपतराव. सात फरश्यांपाशी तिघंही थांबले. मधे एक, भोवती सहा, दोन खाटा मावतील एवढ्या अंतरावर. पाणाड्याच्या नारळानं कुणाला न सांगता अगदी गोल आखून दिला होता.

केशव घाईनं हो म्हणणारा नव्हता. हिंगण्याला परत जाऊन त्यानं कारखान्यातल्या इंजिनिअर साहेबांना विचारलं. साहेबांनी दुपारची सुट्टी त्यातच घालवली, कागदावर चित्रं काढली, आणि केशव पुढच्या रविवारी आला तो हसतच. "ताई, साहेब म्हणाले, बोअरी कोरड्या हायेत हेच नशीब. खाली वाहतं पाणी असतं, तं थंडी त्याच्यासंगं निघून गेली असती. कोरडा पत्थर धरून ठेवते."

पंचफुलाबाई मटकन धुऱ्यावर बसली. किती वर्षं ती त्या फरश्यांकडं पाहत नव्हती! आता तिनं मधल्या फरशीवर तळहात ठेवला आणि डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं. चंपतराव लगेच म्हणाले, "मी तं म्हणतच होतो, बोअरी वाया नाही जात!" तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पाइप मोजायला निघून गेले.

मग कामाला लागले सगळे. कारखान्यातून मोडीत निघालेला काळा पाइप केशवनं ट्रकमधून आणला. प्रत्येक बोअरीत तो खालपर्यंत सोडायचा, तळाशी वळसा, आणि दुसरं टोक वर. मधे राहिलेल्या जागेत काळ्या मातीचा रबडा ओतायचा, म्हणजे पाइप आणि पत्थर यांची गाठ पडते. केशव सातही पाइप बसतील तसे जोडत होता. पंचफुलाबाईनं हात धरला त्याचा.

"गार पाणी आधी मधल्या बोअरीत जाऊ दे. मंग भोवतालच्या. कडंचं कितीही जपलं तरी खराब होते, मधलं टिकते. काढाच्या वेळी उलटं, कडंकडून घुसवून मधून काढाचं."

विहिरीजवळ बांबूचा उंच सांगाडा उभा राहिला, त्याला वाळ्याच्या ताट्या आणि गोणपाटं. विहिरीचं पाणी वरून ठिबकायचं, वाऱ्यानं गार होऊन हौदात पडायचं, हौदातून मोटारीनं बोअरींत. वर आलेलं पाणी पुन्हा ताट्यांवर. शेतीच्या विजेची लाइन हिवाळ्यात तशीही रात्रीचीच यायची, उन्हाळ्यात दिवसा. रोज रात्री घोंगडी पांघरून मोटार चालू करायला चंपतरावच उठायचे. ते काम त्यांच्याकडं आपोआप आलं होतं, कुणी नेमून दिलं नव्हतं. पौषात त्यांची बोटं अशी आखडायची की सकाळी बंडीच्या गुंड्या पंचफुलाबाईच लावून द्यायची.

गावाला तर करमणूकच झाली. "बोअरीनं पाणी नाही दिलं, म्हणून चंपतराव बोअरीलेच पाणी पाजून राहिले गा!" पारावर रोज नवा विनोद निघायचा. पंचफुलाबाई ऐकायची आणि सुपारी कातरत पुढं जायची.

सुरुवातीला बोअरींतून वर येणारं पाणी चांगलं कोमट असायचं. थंडी खाली राहत होती. दिवस गेले तसं ते गार होत गेलं. माघ सरत आला तेव्हा एका पहाटे तिनं खाली जाणाऱ्या पाण्याला हात लावला, मग वर येणाऱ्या पाण्याला. दोन्ही सारखंच झोंबलं.

"पोट भरलं जमिनीचं," ती म्हणाली. "आता बंद करा. कोणी हात नाही लावाचा."

बोअरींच्या डोक्यावर एव्हाना जाड मातीच्या भिंतींची, अर्धी जमिनीत गेलेली खोली झाली होती. मोटार लावली की खालची थंडी आत यावी म्हणून भिंतींतून तोच पाइप फिरवलेला, छपरावर तुराट्या आणि गवताचा हातभर थर, दार एकच आणि तेही बुटकं. संत्र्यांसाठी आत बांबूचे माच. विहिरीकाठच्या एका ओळीवर उशिराचा मृग बहार तिनं राखून ठेवला होता. हे सगळं व्यवस्थित चाललं असताना चंपतराव गप्प कसे बसतील?

चैत्रातली गोष्ट. पंचफुलाबाई लग्नाची लुगडी घ्यायला शामलाला घेऊन नरखेडला गेली होती. दुपारची परत आली तर धुऱ्याकडून मोटारीचा आवाज. खोलीचं दार सताड उघडं, आणि आत पारावरची सगळी मंडळी मांडी घालून बसलेली! मधोमध चंपतराव, जणू विमानाचे मालक. "घ्या, चिवडा घ्या. कसं वाटून राहिलं? आता बोला ना, बोअरीले पाणी पाजतो म्हणून!"

बाई सरळ मोटारीच्या डब्याकडं गेली, फ्यूज खसकन ओढला आणि दारात येऊन उभी राहिली.

"झाली पंगत? उठा आता." आवाज चढलेला नव्हता, पण सगळे उठले. मग नवऱ्याला म्हणाली, "पेव एकदा फोडलं का रिकामंच होत जाते. साऱ्या हिवाळ्याची थंडी तुमी चिवड्यासंगं खाऊन घेतली. पोरीचं नाव काय ठेवाचं हाय तुमाले, कोरडाबाई?"

चंपतरावांचा चेहरा पडला. त्या दिवसापासून फ्यूज बटव्यात गेला.

चैत्र संपता संपता संत्री उतरवली. पहाटे, देठ राखून, कात्रीनं. कडुलिंबाच्या पाल्यावर एकेक मांडलं, फळाला फळ लागू न देता. फ्यूज लावून मोटार थोडा वेळ चालवायची की काढून पुन्हा बटव्यात. बाहेर ऊन वाढत गेलं. रोज सकाळी ती एकटी आत जायची आणि खराब झालेलं फळ वेचून आणायची. कधी दोन, कधी चार. मग लग्नाला पंधरा दिवस उरले असताना आत गेली तर उत्तरेकडच्या माचावर हिरवी बुरशी, आणि तीही चांगली पसरलेली. टोपल्यांवर टोपल्या काढाव्या लागल्या. उकिरड्यावर त्या ओतताना तिचा बांध फुटला. ती तिथंच बसून हमसाहमशी रडली, अगदी लहान पोरीसारखी.

शामला मागून आली आणि आईला बिलगून बसली. "आई, राहू दे नं वं. काय नाव ठेवाचं ते ठेवू दे. मी घेईन ठेवून."

"तू घेशीन वं," पंचफुलाबाईनं नाक पुसलं. "मी नाही घेऊ देणार."

तिनं माच पुसून काढले, नवा पाला घातला, राहिलेली फळं विरळ मांडली आणि मोटार रोज जराशी जास्त चालवली. पुढं हळद, पाहुणे, मांडव. दार जितकं उघडावं तितकी धग आत शिरते, म्हणून शेवटच्या आठवड्यात तिनं ते उघडलंच नाही. आत काय उरलं आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. चंपतराव दिवसातून दहा वेळा बंद दारापाशी जायचे, नाकानं हुंगायचे आणि परत यायचे.

लग्नाचा दिवस उजाडला तो भट्टीतूनच. वऱ्हाड सकाळी यायचं होतं. वाटेत बस बिघडली आणि आलं ते भर दुपारी. अशा वेळी शहाण्या माणसानं सावली धरावी की नाही? पण बँड लागला होता, आणि वरबाप भैय्याजी होते. अंगात जाड कोट, डोक्याला फेटा, पायांत मोजे. गावाच्या पारापासून मांडवापर्यंत ते बँडपुढं नाचत आले. मधेच ओरडायचे, "संत्री काढा जी, संत्री! का नाव काढू?" लोक हसायचे आणि बँडवाले आणखी जोरात वाजवायचे.

मांडवाच्या दाराशी, पंचफुलाबाई ओवाळायला पुढं झाली, तोच भैय्याजी थांबले. डोळे फिरले. पाय लटपटले आणि धिप्पाड देह धाडकन खाली आला.

एकच गोंधळ उडाला. "ऊन लागलं! ऊन लागलं!" कुणी कांदा आणा म्हणे, कुणी पन्हं. पंचफुलाबाईनं कपाळाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. डॉक्टर नरखेडला, आणायचा म्हटलं तर फटफटीवर जाऊन यायला वेळ लागणार. मास्तर जावई बापाचं डोकं मांडीवर घेऊन पांढरा पडला होता.

"उचला," ती म्हणाली. "खोलीत घ्या. केशव, तू डॉक्टरले घेऊन ये."

चंपतराव कानाशी लागले. "अवं, दार उघडून एवढी माणसं आत गेली तं संत्री..."

"संत्री गेली खड्ड्यात! पोरीचा सासरा हाय तो!"

तिनं बटवा उघडला. सुपारी, लवंगा सगळं धुळीत सांडलं. फ्यूज लावला आणि मोटार पूर्ण सोडली. इतके दिवस थेंबाथेंबानं वापरलेली सगळ्या हिवाळ्याची थंडी एकदम वर यायला लागली. बुटक्या दारातून चौघांनी भैय्याजींना वाकून आत नेलं. कोट, फेटा, मोजे काढले. भिंतीलगत ओल्या चादरीवर निजवलं. हौदात आलेल्या गार पाण्याच्या पट्ट्या कपाळावर, काखेत, मानेवर. पंचफुलाबाई पदरानं वारा घालत होती आणि तोंडानं मारुतीला हाका मारत होती. माचांकडं तिनं मान वर करूनही पाहिलं नाही.

बराच वेळ तसाच गेला. मग श्वास खाली बसला. कपाळावर हात ठेवला तर माणसाच्या अंगासारखं लागलं. भैय्याजींनी ओठ हलवले. आत्ता कुठं तिच्या नाकाला वास जाणवला, ताज्या सोललेल्या सालीचा असतो तसा. कुणीतरी आत आणून ठेवलेला कंदील तिनं उचलून वर धरला. चारही भिंतींना माचांवर संत्री होती. सुरकुतलेली काही, पण केशरी, घट्ट, गार. कडेची गेली होती. मधली सगळी राहिली होती.

"अगं माय!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

भैय्याजींनी डोळे उघडले. वर पाहिलं, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. अंगावरून गार वारा, आजूबाजूला कंदिलाच्या उजेडात संत्रीच संत्री. बाहेर नवतपा असल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"मी... गेलो का जी?"

"कुठं जाता इवाई?" पंचफुलाबाई म्हणाली. "सातबोअरवाल्याच्या घरी हाय तुमी."

तिनं एक संत्रं सोललं, फोडीला जरा मीठ लावलं आणि त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी ती चावली आणि डोळे मिटले. मग दुसरी. मग अख्खं संत्रं. डॉक्टर येऊन पोचले तेव्हा भैय्याजी भिंतीला टेकून तिसरं सोलत होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, तपासलं आणि म्हणाले, "वेळेवर गार जागा भेटली, नाहीतर कठीण होतं." मग स्वतःही तिथल्याच गारव्यात पाटावर बसले आणि लवकर उठले नाहीत.

सांजच्या मुहूर्तावर अक्षता पडल्या. पंगत बसली. आमच्याकडं वरबापानं बसून घ्यायचं असतं, वाढायचं नसतं. भैय्याजी मात्र उघड्या अंगावर उपरणं टाकून खोलीच्या बुटक्या दारातून टोपली घेऊन बाहेर आले आणि स्वतः पंगतीत संत्री वाढत फिरले. "खा! नवतप्यातलं संत्रं खा! माह्या इवायाचा शब्द हाय!" आवाज परत आला होता. लोक सालं हुंगून पाहत होते. पारावरची मंडळी एकमेकांना सांगत होती की ही खोली आपण आधीच पाहिलेली आहे. चंपतरावांना काय करू आणि काय नको झालं. ते नुसतेच पंगतीतून इकडून तिकडं जात होते आणि डोळे पुसत होते.

शेवटच्या ओळीला संत्री कमी पडली. दोन म्हटली होती, एकेकच आलं. चंपतराव हात जोडून पुढं झाले, "इवाई, शब्द जरा कमी..."

"चूप बसा जी," भैय्याजी म्हणाले. "आत मीच खाऊन बसलो साऱ्याइच्या वाटची."

जेवणं झाल्यावर त्यांनी भर मांडवात तांदळाचं ताट मागवलं. हा विधी खरा सासरी व्हायचा, प्रताप नगरात. पण ते म्हणाले, बोललो चारचौघांत होतो, तर नावही चारचौघांतच निघेल. बोटातली अंगठी त्यांनी काढली आणि पंचफुलाबाईकडं वळले. "ईहीनबाई, आज मागाचा हक्क तुमचा. काय नाव काढू?"

तिनं लेकीकडं पाहिलं. शामलाची मान या वेळी वर होती.

"शामला," पंचफुलाबाई म्हणाली. "आमी ठेवलं तेच. बदलू नोका."

भैय्याजींनी वाकून तांदळात मोठ्या, ठसठशीत अक्षरांत शामला असं लिहिलं आणि ताट सगळ्यांना दिसेल असं उचलून धरलं. टाळ्या पडल्या. मग त्यांनी घसा खाकरला. "आता माहं एक मागणं हाय."

चंपतरावांनी पुन्हा हात जोडले. वरपक्षाचं मागणं म्हटलं की पोरीच्या बापाला दुसरं काय सुचणार!

"पुढच्या नवतप्यात," भैय्याजी म्हणाले, "ते नऊ दिवस मले इथी राहू द्या. त्या खोलीत."

मांडव असा हसला की बँडवाले उठून आले, काय झालं म्हणून. पंचफुलाबाईही हसली, कित्येक महिन्यांनी, पोट धरून. बटवा चाचपला, तर फ्यूज मोटारीलाच राहिलेला. ती उठली, जाऊन तो काढून आणला आणि बटव्यात टाकून तोंड घट्ट आवळलं.

"या जी, खुशाल या," ती म्हणाली. "पण फ्यूज माह्यापाशीच राहीन."